वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार

आईचा फोन आला तेव्हा मी कॉलेजातून निघून चाकणच्या बससाठी उभी होते. "ये," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... पलीकडून दवाखान्याच्या वॉर्डातल्या स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता. माझा दादा त्याच दिवशी गेला, त्याला आता सहा आठवडे होतील. घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, म्हणून त्याच्याबद्दल तूच लिही, असं सगळे म्हणतात. जमेल का, माहीत नाही.

आम्ही मूळचे परभणीकडचे. इथं चाकणजवळ कुरुळीत आमची एक खोली. दादा कामाला होता त्या कंपनीच्या गेटवर कंत्राटी कामगारांची मारामारी झाली, त्यात दादाचं नाव आलं आणि खटल्याची वाट बघत तो वर्षाहून जास्त तुरुंगात राहिला. त्याचं पत्र आलं की आई पदराला हात पुसून समोर बसायची, मी मोठ्यानं वाचायचे. तुरुंगातलं पत्र आधी तिथला एक अधिकारी वाचतो, नको त्या ओळींवर काळी शाई फिरवतो, मगच ते पोस्टात पडतं. म्हणून दादाची पहिली ओळ कायम तीच असायची : 'वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार.' मग आई. सगळ्यात शेवटी मी.

"इथं काळं कशानं झालंय गं?" आई विचारायची.

"साहेबांनी केलंय."

"लेकरू माझं, अन् वाचायचं त्यानं?"

कैद्यालाही घरी पत्र लिहायचा हक्क असतो, हे मी नंतर कॉलेजात शिकले. सुरक्षेसाठी पत्रं तपासतात, हेही समजून घेतलं. पण माझं दुखणं तेवढंच नव्हतं. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. माझ्या भावाचं अख्खं पत्र त्याला मिळायचं, आणि मला त्यातलं उरलेलं. एकदा भेटीला गेले तर जाळीपलीकडून दादा हसत म्हणाला, "साहेब विचारत होते, बहिणीला अकाउंट्समध्ये मार्क कमी कसे पडले?" ते मी फक्त दादाला पत्रात लिहिलं होतं; म्हणजे माझी पत्रंही आधी तोच वाचत होता. मी तोंड फिरवलं.

"रुसलीस का येडे? माणूस चांगला हाय. तुझं अक्षर लई आवडतं त्याला."

ते तर मला आणखीच झोंबलं.

जामिनावर सुटून आला तेव्हा दादा खोकत होता. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "झालं की वर्ष." बाहेर आल्यावर मी त्याच्यावर ओरडले, "वर्षभर? एका शब्दानं कळवलं नाहीस?"

"कळवलं होतं की."

घरी येऊन मी सगळी पत्रं त्याच्यापुढे पसरली, काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवून विचारत राहिले, इथं काय होतं, आणि इथं? "आता कुठं आठवतंय," तो थकून म्हणाला, "साहेबांना ठाऊक असंल." वेळेवर कळलं असतं तर आम्ही वकिलाच्या मागं लागलो असतो, त्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला लावलं असतं... पण ज्याला कळलं, तो आमचा कुणीच नव्हता. अजूनही वाटतं, त्या माणसाला गाठावं आणि माझा भाऊ परत मागावा. निदान त्या ओळी.

दादाला मात्र त्या नमस्काराची सवयच लागली होती. मी चिडावं म्हणून माझ्या डब्यावर चिठ्ठी ठेवायचा : 'वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. भाजी तिखट आहे.' मी खरंच चिडायचे.

शेवटची चिठ्ठी फळीवर साखरेच्या डब्याखाली आहे, दवाखान्यात जायच्या सकाळी लिहिलेली. 'वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. दूध तापवलंय. आईच्या चहात साखर कमी टाक.' त्याखाली आणखी एक ओळ आहे, माझ्यासाठी. ही चिठ्ठी माझ्याआधी कुणाच्या हातात गेलेली नाही.

परवा आई पदराला हात पुसून समोर बसली. "वाच," म्हणाली. मी साखरेपर्यंत वाचलं.

"अजून हाय का काही?"

"नाही," मी म्हणाले आणि चिठ्ठी घडी करून पुन्हा डब्याखाली ठेवली.