मागच्या सीटवर कोणी नव्हतं

आमच्या घरात भुताखेतांना कधीच थारा नव्हता. बाबा रेल्वेच्या ऑफिसात, कागद दाखवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणार नाहीत... आणि मी त्यांचीच मुलगी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. आम्ही समता कॉलनीत राहायचो. मी कॉलेजात होते आणि शहराबाहेरच्या मैदानावर ग्लायडर शिकत होते. म्हणजे बिनइंजिनाचं विमान — उतरायची संधी एकदाच! बाबांची अट होती, "जराही काही झालं ना, तर उडणं बंद. समजून ठेव."

त्या सकाळी मी पहिल्यांदा एकटी उडाले. मागची सीट रिकामी. तिथले सुटे पट्टे विमान चालवायच्या दांड्यांत अडकू नयेत म्हणून आमच्या इन्स्ट्रक्टर वानखेडे सरांनी ते स्वतः आवळून बांधले होते. पुढच्या-मागच्या सीटचे दांडे एकमेकांना जोडलेले असतात ना... एक हलला की दुसरा हलतो.

वर इतकी मजा आली की मी चक्क गाणं म्हटलं. उतरताना मात्र पंखांवरचे ब्रेक मी फार लवकर उघडले आणि ग्लायडर भराभर खाली यायला लागलं. समोर कुंपणाची काटेरी तार! डाव्या हातातला ब्रेकचा दांडा पुढे ढकलायचा, ब्रेक बंद करायचे, एवढंच काम. पण मी पडले मोपेडवाली. गोल बाजारात गाय आडवी आली की दोन्ही मुठी आवळते, तेच केलं — ब्रेकचा दांडा सोडून दोन्ही हातांनी समोरचा, विमान वळवायचा दांडा गच्च आवळला!

आणि ब्रेकचा दांडा आपणहून पुढे गेला. सावकाश, शिकवणाऱ्याने ढकलावा तसा. मी डोळ्यांनी पाहिलं हो.

ग्लायडर तारेवरून निसटलं, जोरात आपटलं, गर्रकन फिरून थांबलं. पंखाचं टोक फाटलं. मी शाबूत! मागे पाहिलं — पट्टे तसेच बांधलेले.

सर धावत आले. "काहून रडून राहिली व? ऐन टायमाले ब्रेक बंद केले तू, नाहीतर तारेतच गेली असती! पुढच्या हप्त्यात परत उडशील." बाबांनाही त्यांनीच समजावलं.

मी खरं बोललेच नाही. दोन्ही हातांची गोष्ट निघाली असती, तर उडणं संपलं असतं. लाज वाटते, पण तेव्हा उडणंच हवं होतं.

आता हे सांगितलं की कोणी म्हणतं, हवेने दांडा ढकलला असेल. पण हवा ते ब्रेक उघडायला ओढते, बंद करायला नाही.

पुढच्या हप्त्यात एकटी बसले, तेव्हा मागे वळून हळूच म्हटलं, "तुमची शाब्बासकी मी लाटली, माफ करा. पण आज मला एकटीला उतरू द्या."

उतरले. अगदी अलगद. एकटीच उतरले... असं मला वाटतं.