ताऱ्यांमधली धूळ आणि एक फडका

"धुळीवर लिहिलंयस ना? मग आधी ही खुर्च्यांवरची पूस." असं म्हणून सरांनी माझ्या हातात फडका दिला. सगळ्या वर्गासमोर. वर म्हणाले, "आई कापसाच्या जिनिंगला जाते ना तुझी? सवय असेलच."

वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

एमएस्सीचं दुसरं वर्ष, जळगाव. पुण्याहून एक खगोलशास्त्रज्ञ बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर एकीने विषय मांडायचा, आवडली तर उन्हाळाभर त्यांच्याकडे काम. विषय मी लिहिलेला: ताऱ्यांमधला वायू आणि धूळ. मांडायला नाव लागलं ऋतुजाचं. डॉक्टरांची मुलगी. गच्चीवर स्वतःची दुर्बीण. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिच्या दुर्बिणीवर, तिच्या इंग्रजीवर, तिच्या स्कूटीवरसुद्धा. मी पाचोऱ्याहून रेल्वेने यायचे, उभ्याने.

नाव लागलं नाही म्हणून मी सकाळी रडले होते. रात्रपाळीहून आलेली आई केसांतला कापूस झटकत म्हणाली, "तुले येस ना? मंग बोल."

मी मात्र खुर्च्या पुसल्या आणि मागे जाऊन उभी राहिले.

ऋतुजा बोलू लागली. "आमच्या फार्महाऊसवर शेकोटीच्या धुरातून दिवा लालसर दिसतो. ताऱ्यांमधली बारीक धूळ तशीच निळा प्रकाश विखुरते, लाल पुढे येतो." टाळ्या पडल्या.

तो धूर माझ्या आईच्या चुलीचा होता! जिनिंगमध्ये उडणाऱ्या जाड कचऱ्यातून बल्ब नुसता मिणमिणता दिसतो, चुलीच्या बारीक धुरातून लाल. हे मी तिला कॅन्टीनमध्ये सांगितलं होतं, मैत्रीण म्हणून. तिने चूल नेली आणि शेकोटी केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाईंनी विचारलं, "तारा लाल दिसतोय. तो मुळात थंड आहे की वाटेत धूळ आहे, कसं ओळखणार?"

ऋतुजाने सरांकडे पाहिलं. सरांनी पडद्याकडे.

"त्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेघा बघायच्या," मी मागून म्हणाले. "त्या ताऱ्याचं तापमान सांगतात. धूळ रंग बदलते, त्या रेघा तिला बदलता येत नाहीत. रेघा तापलेल्या ताऱ्याच्या आणि रंग लाल, तर मधे धूळ आहे."

"तुला कुणी विचारलं?" सर गुरकावले. "बस खाली."

बसले नाही. पुढे गेले. फडका त्यांच्या टेबलावर ठेवला.

"विषय माझा आहे, सर. चूल माझ्या आईची."

उन्हाळ्यातली जागा ऋतुजालाच मिळाली. सरांची शिफारस तिच्याच नावाने गेली होती. मला हेवा वाटतो, आजही, आणि तो मी लपवत नाही. बाईंकडे कामासाठीचा अर्ज मी थेट त्यांनाच पाठवलाय, सरांच्या सहीशिवाय. पहिल्याच ओळीत आईची चूल आहे. नाकारला तर पुन्हा पाठवीन. फडका आता कुणाच्याही हातून घेणार नाही.