काचेच्या कपाटातले कप

आमच्या शेजारच्या शोभाताई तीनदा नगरसेविका झाल्या. परवा विधानसभेच्या तिकिटासाठी पक्षाच्या कार्यालयात त्यांची मुलाखत होती. बाकीचे इच्छुक ढोल-ताशे घेऊन आले होते. ताई एक फाइल आणि मला घेऊन गेल्या.

बाहेर बसल्यावर आम्हाला कागदी कपांतून चहा मिळाला. समोरच्या काचेच्या कपाटात मात्र निळ्या नक्षीचे सहा सुंदर कप होते.

कार्यालय सांभाळणारे नाना म्हणाले, "ते पत्रकार आले की काढतो."

ताई दहा मिनिटांतच बाहेर आल्या.

"काय म्हणाले?"

"तुम्ही विधवांनाही हळदीकुंकवाला बोलावता, हे आम्ही प्रत्येक भाषणात अभिमानाने सांगतो, म्हणाले. पण तालुक्यातली मंडळी दुखावतील. तिकिटाचं पुढच्या वेळी बघू."

गेल्या दोन्ही वेळी हेच उत्तर मिळालं होतं.

मला फारसा राग आला नाही. माझ्याही घरी त्या कपाटातल्यासारखा कपांचा सेट आहे. रोजच्या चहाला काढायचा म्हटलं की कुणीतरी म्हणतंच, फुटेल. पंधरा वर्षं तो शाबूत आहे, आणि घरातल्या कुणीही त्यातून घोटभर चहा प्यायलेला नाही.

तेवढ्यात पत्रकार आले. नानांनी ते कप काढून चहा ओतला. आतून हाक आली, "शोभाताई, फोटोला या."

ताईंनी ट्रेमधला एक कप उचलला आणि त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"फोटोचं पुढच्या वेळी बघू," त्या म्हणाल्या, आणि सावकाश चहा प्यायल्या.