खालची टाकी

श्रीकांत गेल्याचा फोन गौरीने केला. "आत्या, बाबा उठतच नाहीयेत... तू बस जल्दी आ," एवढंच म्हणाली. दुपारी जेवून आडवा झालेला माझा धाकटा भाऊ पुन्हा उठला नाही. रायपूरहून निवृत्त होऊन घरी येऊन त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याच्या पायाशी बसले आणि रडायच्या आधी मी सरकारला शिव्या घातल्या. राज्याचे दोन तुकडे केलेत, वर कचेरीतल्या माणसांचीही वाटणी केलीत, आणि इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जन्मलेल्या माझ्या भावाला चौदा वर्षं छत्तीसगढात नेऊन टाकलंत! ती चौदा वर्षं नीलाने, त्याच्या बायकोने, इथे एकटीने काढली. शाळेतली नोकरी, गौरीचं शिक्षण, आजारपणं, सगळं एकटीने. रामाला वनवास झाला तेव्हा बरोबर सीता तरी होती, असं मी दर दिवाळीला म्हणायचे आणि श्रीकांत खाली मान घालून फराळ खायचा. ती मान खाली का असायची, ते मला तेराव्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी भलत्यालाच शिव्या घालत होते.

पेपरातले पुरवणीवाले म्हणाले, ताई, भावाबद्दल दोन चांगले शब्द लिहा. चांगले शब्द बाकीच्यांनी लिहिलेत. मनमिळाऊ, निगर्वी, परोपकारी. मी त्याची मोठी बहीण आहे. मी जे आहे ते लिहिणार.

आमच्या घराला ही वाटणी नवी नव्हती. संस्थान विलीन झालं तेव्हा वडिलांचं दफ्तर आधी नाव बदलून इथेच राहिलं, आणि मग नवं राज्य झाल्यावर खुर्च्या-टेबलांसकट भोपाळला गेलं. श्रीकांत तेव्हा पाळण्यात होता. वडील सणावारी यायचे आणि स्वतःच्याच घरात आईला विचारायचे, "अगं, साखरेचा डबा हल्ली कुठे ठेवतेस?" आई डबा पुढे करायची. हे श्रीकांतने लहानपणभर पाहिलं होतं. पुढे तोही रायपूरहून यायचा आणि दिव्याचं बटण चाचपत दारात उभा राहायचा, कारण नीलाने मधल्या काळात बोर्ड बदलून घेतलेला असायचा. तेव्हा मला त्याची दया यायची. आता ती आठवण आली की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याला नाद एकच होता, माशांचा. पुढच्या खोलीत लोखंडी स्टँडवर चार फुटी काचेची टाकी, त्यात एंजल आणि दोन म्हातारे गोल्डफिश. दर रविवारी बनियन घालून हा बादल्या उचलायचा, अर्धं पाणी काढायचं, अर्धं भरायचं. राज्य वेगळं झालं त्यानंतरच्या पहिल्या गुढीपाडव्याला तो टेंपोतून जाड काचा घेऊन आला, मांडीवर तान्हं मूल धरावं तशा धरून. म्हणाला, "ताई, आता स्टँडच्या खाली दुसरी टाकी बसवायची. तिला सम्प म्हणतात. वरचं घाण पाणी पाइपाने खाली येणार, गाळून स्वच्छ होणार, पंप ते परत वर चढवणार. पाणी बदलायची कटकटच नको!" मी म्हटलं, "पाच माशांसाठी एवढा खटाटोप? धरण बांधतोयस का?" नोकरी पाण्याच्या खात्यात, नकाशे काढायची, म्हणून आम्ही त्याला तसंच चिडवायचो. तो हसला नाही. बाकी कधी चिडवलं की हसायचा.

दीड महिना चाललं ते काम, आणि मी रोज संध्याकाळी त्याच्या मदतीला. काचेच्या कडा दगडावर घासून बोथट करायच्या, नाहीतर बोट कापतं. माझं दोनदा कापलं. सांध्यात सिलिकॉन भरायचं, त्याचा सिरक्यासारखा वास घरभर. आत तीन कप्पे, मध्ये काचेच्या उभ्या पट्ट्या, एका पट्टीवरून पाणी सांडणार, दुसरीच्या खालून जाणार. "हात लावून थांब ताई, हलू नकोस," म्हणायचा, आणि मी वीस-वीस मिनिटं पट्टी धरून पुतळ्यासारखी बसायचे. पहिल्या कप्प्यात फोम, दुसऱ्यात चहाच्या टपरीवरून गोळा करून आणलेले मातीचे कुल्हड, धुऊन, उकळून, फोडलेले. तिसऱ्यात पंप. पहिल्यांदा पाणी भरलं तर एक कोपरा ठिबकायला लागला. मी म्हटलं, वरून थोडं लिंपून टाक. नाही म्हणाला. ब्लेडने सगळे सांधे खरवडून काढले आणि पुन्हा पहिल्यापासून जोडले. वर गौरीला समोर बसवून फोम कसा काढायचा, कसा धुवायचा, पंप बंद पडला तर काय बघायचं, हे तीन-तीनदा तिच्याकडून म्हणवून घेतलं. पोरगी कंटाळून म्हणाली, "बाबा, तुम हो ना, तुम कर लेना!" त्यावर तो पाइप बघायला स्टँडखाली वाकला.

एकदा मी विचारलंच, "इतकी घाई कसली आहे रे तुला?" तर म्हणाला, "नीलाला बादल्या उचलायला लागू नयेत." मी म्हटलं, "अरे वा, बायकोचा फार पुळका आला!" आणि हसून मोकळी झाले. डोळे असून आंधळी मी! बादल्या नीला कधी उचलत होती? जन्मभर बादल्या हाच उचलत आला होता. हा घरात असताना नीलाला कशाला उचलायला लागणार होत्या? एवढं साधं गणित मला सुटलं नाही... गणपती झाले, आणि एक दिवस ऑफिसातून येऊन म्हणाला, यादी लागली, माझं नाव छत्तीसगढात आहे. नीलाने गौरीला जवळ ओढलं. मी सरकारचा उद्धार सुरू केला. हा पंपाकडे बघत उभा.

तेराव्याला जेवणं झाल्यावर दुबेजी आले. त्याच्याच ऑफिसातले, त्याच्याच हुद्द्यावरचे. फोटोसमोर हमसून हमसून रडले. मग मला म्हणाले, "दीदी, मैं आज ग्वालियर में हूँ तो भैया की वजह से। हम दोनों में से एक को जाना था और नंबर मेरा था। मेरी अम्मा को लकवा मार गया था। होली पर घर आए, बोले, दुबे, तू अम्मा को देख, छत्तीसगढ़ का फ़ॉर्म मैं भर देता हूँ।"

मी विचारलं, "कौन सी होली?"

"बँटवारे के बाद वाली, दीदी। पहली।"

होळी. म्हणजे पाडव्याच्या पंधरा दिवस आधी. काच आणायला गेला तेव्हा फॉर्म भरून झाला होता. दीड महिना मी ज्या पट्ट्या धरून बसले होते, ती ह्याच्या जाण्याची तयारी होती. आणि गणपतीनंतर यादी लागल्याचं तोंड करून आला तेव्हा...

आजूबाजूचे सगळे गहिवरले. "देवमाणूस होता हो!" कोणी तरी हात जोडले. मी दुबेजींना म्हटलं, "खाना खा लिया ना? अब आप चलिए।" बिचारे निघून गेले. त्यांचा काय दोष? पण देवमाणूस? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाऱ्याला देवमाणूस म्हणतात होय? त्याने दिलं ते त्याचं एकट्याचं होतं का? चौदा वर्षांतली निम्मी नीलाची होती, गौरीचं अख्खं बालपण होतं. दुबेंची अम्मा तीन वर्षांत गेली, तरी हा तिथेच. परत यायला अर्ज करतोय, करतोय म्हणायचा, आणि आम्ही वाट बघायचो. एकही अर्ज केला असेल का, मला आता शंका आहे. आणि राग त्याने फॉर्म भरला याचा नाही, खरं सांगते. लकवा झालेल्या बाईसाठी कोणीही हळहळेल. राग याचा, की घरी येऊन एवढं मोठं खोटं बोलला, आणि ते चौदा वर्षं बायकोला सरकारच्या नावावर खपवलं. भांडण होईल म्हणून घाबरलास ना रे श्रीकांत? मग व्हायचं होतं भांडण! आम्ही काय तुला खाल्लं असतं?

नीला त्या वेळी आत पंगत आवरत होती, तिने काही ऐकलं नव्हतं. सांगू की नको, यात माझे तीन आठवडे गेले. गौरी म्हणाली, "छोड़ो ना आत्या, आता आईला कशाला?" पण मीही तोंडाला कुलूप लावलं तर माझ्यात आणि श्रीकांतमध्ये फरक तो काय राहिला? दुसरं म्हणजे दुबेजी आज ना उद्या कोणाला तरी सांगणारच, आणि तिला ते भाजीच्या रांगेत कळणार. मागच्या रविवारी सकाळी गेले. पुढच्या खोलीत नीला जमिनीवर बसून खालच्या टाकीतला फोम बादलीत पिळत होती. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. होळी, फॉर्म, अम्मा, यादी. मधे थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं.

ती रडेल असं वाटलं होतं. किंवा त्याच्या बाजूने बोलेल, तिची तशी सवय आहे. तिने फोम पुन्हा पाण्यात बुडवला, पुन्हा पिळला. पिळून निघालेलं काळं पाणी बघत राहिली.

"लकवा झाला तेव्हा दुबेंच्या अम्माला मी भेटून आले होते, ताई," ती म्हणाली. "माझा हात सोडत नव्हत्या."

मी चपला काढून तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"ह्यांनी मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं."

मग तिने फोम नीट चेपून कप्प्यात बसवला, आणि बादली माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ही जरा उचला हो, मला आता उचलवत नाही."