पानावरचा वाटा

तुळसावहिनीच्या पायरीवर रोज सकाळी केळीच्या पानावर ताजी मासळी येते आणि त्यातला एक तुकडाही त्या घरात शिजत नाही. परवा एक बँकेतल्या मॅडम माझ्या रिक्षात बसल्या होत्या. ते पान बघून म्हणाल्या, "मजा आहे हो आजींची, घरपोच मासे!" त्यांना तिथेच उतरवावं असं मनात आलं होतं. पण त्या बिचाऱ्या लातूरकडच्या, त्यांचा काय दोष? त्यांना पान म्हणजे काय ते ठाऊक नाही.

तर आधी ते सांगतो. होडीने समुद्रात जाळं अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन्ही दोऱ्या वाळूवरून माणसांनी ओढत आणायच्या, ही आमची रापण. दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. आपली टोपली घेऊन यायचं, पुढे करायची, तीत वाटा पडतो. रापणीतला कोणी मेला तरी वर्षभर त्याचा वाटा बंद होत नाही. पण टोपली पुढे करायला तो नसतो, म्हणून त्याची मासळी पानावर घालून घरच्या पायरीवर ठेवतात. हाक मारायची नाही, थांबायचं नाही, ठेवून परत फिरायचं. टोपली जिवंताची आणि पान मेलेल्याचं. आमच्या आडबंदरात हे कुणी कुणाला शिकवत नाही.

तुळसावहिनीच्या पायरीवर पहिलं पान आलं ते गंगूचं. गंगू तिचा नवरा, माझा शाळेतला सोबती. वादळात होडी उलटली आणि गेला. त्यांचा एकुलता पोरगा सर्वेश तेव्हा नुकता चालायला लागला होता. वहिनी आचऱ्याची, अंगाने काटकुळी, पण आवाज असा की तिने बाजारात बांगड्याचा भाव सांगितला की पलीकडच्या एसटी स्टँडवर कळायचा. नवरा गेल्यावर तो आवाज वर्षभर बसला. रोज सकाळी पान उचलायची, मासळी रांधायची, पोराला भरवायची. वर्ष भरलं त्या दिवशी मात्र ती साडीचा काष्टा घालून थेट वाळूवर आली आणि रापणीच्या मालकाला म्हणाली, "माका आता पान नको. माका दोरी देवा."

बाईला दोरी? पुरुष हसले. मीही हसलो असेन. तिने वाट बघितली नाही, दोरीला जाऊन लोंबकळली. संध्याकाळी वाटे घालताना स्वतःची टोपली पुढे केली. मालकाने क्षणभर बघितलं आणि टोपलीत मासळी टाकली. पुढे कितीतरी वर्षं त्या टोपलीवर ते घर चाललं. सर्वेश मोठा झाल्यावर तीच टोपली तिने त्याला दिली. त्याने तिच्या काठाला निळी नायलॉनची दोरी गुंडाळली, का तर टोपली आपली ओळखू यावी म्हणून. वहिनी म्हणाली, "न्हवरीसारखी नटवल्यान मेल्यान." म्हणाली आणि सगळ्या वाडीला दाखवत फिरली.

मग बंदर आलं.

आडबंदर हे नाव पडलं ते गाव आडवाटेला होतं म्हणून. आता हमरस्त्यापासून जेटीपर्यंत ट्रकांची रांग असते आणि रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरावा लागतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर एका बाजूने कोळशाची काजळी बसते, दुसऱ्या बाजूने खनिजाची लाल धूळ. कंटेनरच्या थप्प्या एवढ्या उंच की देवळाचा कळस आता फक्त समुद्रावरून दिसतो. पैसा आला, नाही कशाला म्हणू. पण तो आला भाईच्या हातून.

भाई म्हणजे त्याच रापणीच्या मालकाचा मुलगा. लहानपणी आमच्याबरोबर अनवाणी दोरी ओढायचा. बंदराच्या गेटवर मजूर कोणी लावायचे, ट्रक कुठे उभे राहतील, भंगार कोणाचं, खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या जहाजांतून चोरून डिझेल कोण उतरवणार, सगळं त्याने एकेक करून हातात घेतलं. आडवे आले त्यातले काही गाव सोडून गेले, काही गावातच संपले. आमच्याकडे कोणी भाईच्या टोळीत गेला असं म्हणत नाहीत. "तेच्या हाताक दोरी आसा" म्हणतात. पुढे अशी वेळ आली की ज्याच्या हाताला दोरी नाही असं घर शोधायला बॅटरी लागली असती. आमचा रिक्षास्टँडसुद्धा त्याच्याच माणसाने आखून दिलेला.

सर्वेशने आयटीआय केलं होतं. क्रेनवर काम मिळेल या आशेने बंदराच्या गेटवर खूप खेटे घातले. भाईच्या शब्दाशिवाय आत घेत नव्हते, आणि भाईने शब्द दिला तो क्रेनचा नव्हे, होडीचा. जहाजांकडे जायचं, डिझेल घेऊन यायचं. वहिनीने आकांडतांडव केलं, जेवण टाकलं. पोराने हातापाया पडून सांगितलं, शिमग्यानंतर सोडतो. नुकतं लग्न झालं होतं त्याचं, धामापूरच्या किशोरीशी. मोठी गोड पोरगी, आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून वाकून माझ्या बायकोशी तास तास बोलायची.

दिवाळी सरली आणि एका दुपारी सर्वेश होडी घेऊन गेला तो परत आला नाही. होडी आली. ती चालवत दुसराच कोणी आला आणि त्याने वहिनीच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

चौकीवर मीच घेऊन गेलो तिला. नऊवारी बदलून, केस चापूनचोपून, ती तिथे शाळेतलं मराठी बोलायला लागली. "साहेब, माझा मुलगा घरी आला नाही."

"आजी, तरणा मुलगा आहे. गोव्याला गेला असेल मित्रांबरोबर."

"साहेब, तो सांगितल्याशिवाय चायसुद्दा पिऊक जाणा नाय." शाळेतलं मराठी तिथेच संपलं. साहेबांनी पंखा मोठा केला आणि चार दिवस वाट बघा म्हणाले. बाहेर चौकीला लावलेली नवी फरशी भाईने दिली होती, तसा दगडच बसवलाय भिंतीत. मी तिचा हात धरून तिला रिक्षात बसवलं. माझं डोकं इतकं तडकलं होतं की गियर पडेना.

आठवडाभराने सकाळी तिला पुन्हा चौकीवर न्यायला गेलो तर ती पायरीच्या आत उभी आणि किशोरी तिच्यामागे. पायरीवर केळीचं पान. पानावर सुरमई, कल्ले अजून लालभडक.

किशोरीने हात गळ्याशी नेला, मंगळसूत्र मुठीत धरलं आणि म्हणाली, "आये, मी काय काढू नि काय ठेवू, तां तरी सांग."

"कायच काढू नको!" वहिनी तिच्यावर वस्सकन ओरडली. मग माझ्याकडे वळली. "लवू, कोण ठेवन गेलो बघलंय मी. तो बुलेटवालो. तो भायलो रे. तेका पान काय नि टोपली काय, काय म्हायत? हाताक गावला तेच्यात घातल्यान. नाय?"

मी "व्हय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? बुलेटवाला म्हणजे भाईचा माणूस, आणि तो खरंच बाहेरचा होता, घाटावरचा. त्याला आमचा रिवाज कुठून कळणार? मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

पण पान दुसऱ्या दिवशीही आलं, तिसऱ्याही. वहिनी ते घरात नेईना. पान उंबऱ्याच्या आत गेलं की मेल्याचा वाटा स्वीकारला, म्हणजे माणूस गेला हे मान्य केलं. बाहेर ठेवावं तर कावळे. आणि कावळा शिवला तर? पानावर ठेवलेल्याला कावळा शिवण्याचा एकच अर्थ आपल्यात आहे. म्हणून ती काठी घेऊन पायरीवर बसू लागली. सकाळपासून बसायची, पान सुकलं की संध्याकाळी ती मासळी नेऊन समुद्रात सोडायची. बाजार बुडाला, चूल कशीबशी पेटायची. धामापूरहून किशोरीचा भाऊ येऊन गेला. तो बहिणीला न्यायला आला होता, पण बहीण विधवा म्हणून न्यायची की सवाशीण म्हणून, हे त्याला कोणी सांगेना. तो तसाच परतला.

भाईला सरळ जाऊन विचारण्याची आडबंदरात कोणाची छाती नाही. विचारलं त्या माणसाचाच पुढे ठावठिकाणा विचारावा लागतो. वहिनीने त्यावर जी वाट काढली ती तिलाच सुचावी.

भाईने इतकी माया जमवली तरी बापाची रापण सोडलेली नाही. कोळशाची जेटी आणि धक्का यांच्यामध्ये वाळूची एक चिंधी उरलीय, तिथे रविवारी रापण लागते. भाई छत्रीखाली खुर्ची टाकून बसतो आणि स्वतःच्या हाताने वाटे घालतो. लोक मोबाइलवर फोटो काढतात. त्या रविवारी वहिनीने खुंटीवरची ती निळ्या दोरीची टोपली काढली.

"भाई टोपलीत घालीत तर तो जितो आसा. पानार घालीत तर..." तिने पुढचं गिळलं. "चल, रिक्षा काढ."

वाळूवर सगळी वाडी होती. वाटे पडत होते. वहिनी रांगेत उभी राहिली, तिची पाळी आली, तिने टोपली भाईच्या पायाशी ठेवली. सगळे त्याला अहो-जाहो करतात. ती म्हणाली, "भाई, तू वाटे घालतंस मां? सर्वेशचो वाटो नेवक इलंय."

भाई टोपलीकडे बघत राहिला. टोपलीचा अर्थ त्याला कळला नसेल असं मी मरेपर्यंत मानणार नाही. मग तो हसला. खाली वाकून ओंजळभर बांगडे उचलले आणि टोपलीत टाकले. वर आणखी एक मोठी सुरमई ठेवली.

"सर्वेशचो मां? तो खंय रवलो? म्हाताऱ्या आवशीक कित्याक धाडल्यान?"

म्हाताऱ्या आईला पाठवून पोरगा कुठे राहिला, हे तो तिलाच विचारत होता! त्याची माणसं हसली. वहिनीही हसली. रिक्षात टोपली मांडीवर घेऊन ती वाटभर हसत होती, रडत होती. "बघलंस मां रे लवू? टोपलीत घातल्यान! आपल्या हातान घातल्यान!" मीही खुळ्यासारखा हॉर्न वाजवत निघालो होतो. त्या संध्याकाळी त्या घरात कित्येक दिवसांनी वाटण वाटल्याचा वास आला. किशोरीने नवीन कुंकू लावलं. माझ्या घरी डबा आला, माशाचं तिखलं असं झालं होतं की माझी बायको जेवता जेवता रडली.

सोमवारी सकाळी मी गाडी काढली तर बुलेट त्यांच्या गडग्याशी उभी. तो माणूस वाकून पायरीवर काहीतरी ठेवत होता. केळीचं पान.

मी त्याची वाट अडवली. "अरे, चुकतंस तू. काल टोपलीत घातल्यानी भाईन. आता पान कशाला?"

"मला काय माहीत काका." माणूस वाईट नव्हता, गोंधळला होता. "भाईंनी सांगितलंय, वर्षभर द्यायचं. मी पहिल्या दिवशी पिशवीतनं आणणार होतो, तर केवढे ओरडले माझ्यावर. पानच पाहिजे म्हणाले. केळीचं. आणि ठेवून मागं बघायचं नाही."

काल शंभर माणसांसमोर पान मागवणं म्हणजे कबुली झाली असती, म्हणून टोपली. आणि इथे कोणी बघत नाही, म्हणून रिवाज. पोराला मारलं आणि त्याचं पान चुकवलं नाही. असल्या माणसाला काय म्हणावं? मला शिव्या खूप येतात, त्यातली एकही पुरी पडली नाही.

मागे वळलो तर दार अर्धवट उघडं होतं आणि वहिनी चौकट धरून उभी होती. तिने किती ऐकलं ते मी विचारलं नाही. ती बाहेर आली, पायरीवर बसली आणि हात पुढे केला.

"लवू, ती काठी दी."

त्याच आठवड्यात तिने किशोरीला धामापूरला धाडलं. कुंकू, बांगड्या, सगळं अंगावर ठेवून. "भगवतीक नारळ दी नि थंयच रव. कोणी काय सांगलां तरी ह्या काढू नको. मी सांगान तेव्हा." पोरगी रिक्षात मागे वळून बघत राहिली.

तेव्हापासून असंच चाललंय. दर रविवारी वहिनी टोपली घेऊन वाळूवर जाते आणि भाई हसून तीत वाटा घालतो. दर सकाळी पायरीवर पान असतं. ती काठी घेऊन बसते. आंघोळीला जायची असली की मी बसतो, मग स्टँडवर माझा नंबर मागे जातो. जाऊ दे.

आज मला यायला उशीर झाला. पायरीवर वहिनी भिंतीला टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं, काठी हातातून घरंगळून अंगणात पडलेली. आणि पानावर कावळा बसला होता. निवांत, घरच्यासारखा. मासळीचा डोळा त्याने काढलाच होता, पोटाजवळही टोचलं होतं.

मी चप्पल हातात घेऊन आवाज न करता त्याला हाकललं. पुढे जाऊन मासळी पालथी केली, टोचलेली बाजू खाली, चांगली वर. पानाला लागलेलं रक्त बोटाने पुसलं.

माझ्या सावलीने ती जागी झाली. घाबरून आधी पानाकडे बघितलं, मग आंब्यावर जाऊन बसलेल्या कावळ्याकडे, मग माझ्याकडे.

"शिवलो काय रे लवू?"

"नाय गो वयनी," मी म्हणालो. "अजून नाय."