एक वाढलं

पाटोळे काका आवाजाकडे कधीच बघत नसत. क्वेकर्स हिल या उपनगरातल्या आमच्या गल्लीवरून विमान गेलं की आम्ही सगळे आवाजाच्या दिशेनं माना वळवायचो आणि काका भलतीकडे, रिकाम्या आकाशात बघत असायचे. विमान नेमकं तिथंच दिसायचं. "आवाज म्हणजे ते होतं ती जागा," ते म्हणायचे. "ते आहे कुठं, ते बघायला शीक."

भारतात हवाई दलात त्यांनी वीस वर्षं विमानांची देखभाल केली. इथं लेकीकडे, वर्षाकडे आले आणि विमानांचे फोटो काढायचा नाद लागला. मी शेजारीण. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, तीही सिव्हिल इंजिनियर. हे मी कुणालाही सांगते, काकांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. मोजायला पक्कं माणूस हवंच होतं मला."

म्हणून गेल्या वर्षी वाळवंटातल्या हवाई दलाच्या सरावाला मला घेऊन गेले. दोन दिवस ड्राइव्ह करून आम्ही सरावाच्या हद्दीबाहेर, सार्वजनिक रस्त्यालगत थांबलो. लाल माती, वीतभर झुडपं आणि इतकी शांतता की स्वतःचं गिळणं ऐकू यावं. काका कॅमेरा घेऊन थोडं दूर उंचवट्यावर, मी वही घेऊन गाडीत. दुपारी चार लढाऊ विमानं उत्तरेला गेली. मी चार लिहिलं. थोड्या वेळानं काका ओरडले, "एक वाढलं!"

मी चार खोडून पाच केलं.

ते खाली आले, वही बघितली आणि पांढरेफटक पडले. बांगडी वाढली म्हणजे फुटली, एवढं मलाही माहीत होतं. पण त्यांच्या तळावरची मराठी मंडळी पडलेल्या विमानालाही तोच शब्द वापरायची. चौघांतलं एक सुटून क्षितिजामागं खाली गेलं होतं, परत वर आलं नव्हतं. धूर नाही, धडाका नाही. मी ट्रिपल झीरो, इथला इमर्जन्सीचा नंबर लावला, फोनला रेंज नव्हती. रेंजपर्यंत जाऊ म्हटलं, तर ते हलेनात.

"माझ्या सहीनं उडालेलं एक समुद्रावर वाढलं होतं," ते म्हणाले. "ना तुकडा मिळाला, ना ते उडवणारा पोरगा. त्याच्या सीटचे पट्टे मीच आवळले होते."

मी पाच पुन्हा खोडायला गेले, तर त्यांनी पेन धरलं. "राहू दे. लिहिलंस ना."

तासभर आम्ही तसेच बसलो. माशासुद्धा नव्हत्या. मग उत्तरेला ठिपके दिसले. काकांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून घेतले. विमानं अगदी कमी उंचीवरून, आवाजाशिवाय डोक्यावरून गेली. मी फोटो घेतला, मोजली. पाच.

मग मागून आवाज आला. काका मान तिरकी करून ऐकत राहिले. "चार इंजिनं," ते म्हणाले. "चारच. दिसली किती?"

"पाच."

मी कॅमेऱ्याचा स्क्रीन पुढे केला. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मला नको दाखवू. तू शिकलेली आहेस. तू मोजलीस ना, बस."

परतीच्या वाटेवर ते लहान मुलासारखे झोपले. पुन्हा कॅमेरा हातात घेतला नाही. या हिवाळ्यात ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर वर्षानं मला किचनमध्ये बोलावलं. "बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, ते पोरगं परत आलं, इंजिनियर बाईनं स्वतः मोजलंय. काय गं हे?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. खाली गेलेलं विमान सरावाचाच भाग असणार, पाचवं दुसऱ्या तुकडीतलं असणार, आणि वाऱ्यानं आवाज इकडचा तिकडे जातो. वाळवंटातून परतताना दोन दिवस मी हेच स्वतःला समजावत आले होते. वर्षा माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "मोजलंय मी."