अंबाडीचं पाणी

गुलमंडीजवळच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आईच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. फोलिक ॲसिड कमी पडलं की पेशींमधले जनुकांचे धागे तुटतात, नवं रक्त धड तयार होत नाही, म्हणाल्या. "पालेभाजी खात नाही का?"

आई चिडली. "रोज खाते की. दुसरं असतंय काय?"

खोटं नव्हतं. पण आमच्यात अंबाडी उकडून घट्ट पिळतात. आंबटपणा जातो आणि फोलिक ॲसिडही त्याच पाण्याबरोबर मोरीत जातं. बाईंनी तेच समजावलं. आईनं मान डोलावली.

घरी येऊन तिनं अंबाडी उकडली अन् पिळायला घेतली. मी तिचा हात धरला.

"तुझ्या वडलांना आंबट चालायचं नाय," ती म्हणाली.

वडील जाऊन लई वर्षं झाली. मी हात सोडला. हिरवं पाणी मोरीत गेलं.